बाबांच्या शिवराया आणि बाबांचे पासवर्ड

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. वडील ६७ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, शिवराया, म्हणजे शिवकाळापासूनची तांब्याची नाणी, आणि जुन्या नोटा जमवतात. लॉकडाऊनमध्ये हा छंद कपाटातून मोबाईलवर आला. आता चार-पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, दोन-तीन लिलावाच्या साईट आहेत आणि सोशल मीडियावर एक अकाउंट, ज्यावर ते रोज सकाळी एक नाणं टाकतात. गेल्या महिन्यात ते अकाउंट कुणीतरी ताब्यात घेतलं, त्यांच्या नावाने 'दुर्मिळ नाणं देतोय, अर्धे पैसे आधी पाठवा' असे मेसेज गेले आणि दोघांनी पाठवलेही. पासवर्ड सगळीकडे एकच, तुमच्या आईचं नाव आणि पुढे जन्मसाल. तुम्ही म्हणालात 'बाबा, हे सगळं बंदच करा', आणि आता घरात आठ दिवस अबोला आहे. तर अकाउंट सुरक्षित कसं करायचं हे तुम्ही विचारलंय, आणि शेवटी जरा वैतागून, की माणसं असलं काही एवढ्या जिवापाड जमवतात तरी का.

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करणार आहे. तो तुम्ही जाता जाता विचारलात पण खरी गोम तिथेच आहे. माझं म्हणाल तर मी १७ वर्षं एका सहकारी बँकेत सिस्टिम अ‍ॅडमिन होतो, त्यामुळे लोकांचे पासवर्ड कसे जातात हे रोजचंच, आणि घरी माझीही तीन कपाटं भरलेली आहेत, म्हणजे मी दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. बायको म्हणते तिसऱ्या बाजूने पण बोला, धूळ कोण पुसतं त्या बाजूने. असो.

माझी सुरुवात काडेपेट्यांच्या छापांपासून झाली, चौथीत असताना. रस्त्यात पडलेली काडेपेटी उचलायची, छाप पाण्यात भिजवून सोडवायचा, वहीत चिकटवायचा. त्यात पैसा नव्हता, कुणी विचारतही नव्हतं. पण वहीत एका ओळीत पाच छाप आहेत आणि सहावी जागा रिकामी आहे, ही भावना ज्याला माहीत आहे त्याला बाकी काही समजावून सांगावं लागत नाही. संग्राहकाला त्याच्याकडे जे आहे त्यापेक्षा ती रिकामी जागा जास्त दिसते. शिवराईचंच घ्या. तुम्हाला ती सगळी सारखीच तांब्याची काळपट नाणी दिसत असतील, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण बाबांना विचारा, त्यात 'शिव' लिहिलेली आहे, 'सिव' लिहिलेली आहे, 'सीव' आहे, कुठे 'पति' ऱ्हस्व तर कुठे 'पती' दीर्घ, शिवाय नंतरच्या काळातली 'दुदांडी' नावाची शिवराई वेगळी. टाकसाळीत साचे कोरणारे कारागीर वेगवेगळे, प्रत्येकाची अक्षराची पद्धत वेगळी, आणि साडेतीनशे वर्षांनी एक निवृत्त मास्तर भिंग घेऊन त्या कारागिराची वेलांटी वाचतोय. मला तरी हे वेड वाटत नाही, आणि शिक्षक माणसाला शुद्धलेखनाच्या चुका जमवण्यात जो आनंद असेल तो तर आपण बाजूलाच ठेवू.

दुसरं कारण जरा आतलं असतं. पुण्याचे दिनकर केळकर, चष्म्याचा व्यवसाय असलेला माणूस, 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे. त्यांनी अडकित्ते, दिवे, वाद्यं, दरवाजे असं आयुष्यभर गोळा केलं, मुलगा राजा लहानपणीच गेला, आणि त्याच्या नावाने पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं राहिलं. १९७५ मध्ये सगळा संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला. त्यातला अडकित्त्यांचा विभाग बघितलात तर कळेल की एका साध्या सुपारी कातरायच्या वस्तूची एवढी रूपं बघायला माणूस गावोगाव का फिरतो. प्रत्येकाचं कारण केळकरांएवढं मोठं नसतं. पण निवृत्तीनंतर ज्याला कुणी 'सर, हे कसं?' विचारत नाही, त्याला ग्रुपवर कुणी 'सर, ही शिवराई खरी आहे का बघता का' असं विचारलं तर त्याचा दिवस चांगला जातो, एवढं खरं.

आणि तिसरं, आपला तो बाब्या. स्वतःकडे आलेली वस्तू आपल्याला आपोआप जास्त मोलाची वाटायला लागते. कानेमान, नेट्श आणि थेलर या अभ्यासकांनी १९९० च्या सुमारास साध्या कॉफीच्या मगांवर हे करून बघितलं, अर्ध्या लोकांना मग दिले आणि विकायला काय घ्याल विचारलं, उरलेल्यांना विकत घ्यायला काय द्याल विचारलं, तर ज्यांच्या हातात मग होता ते जवळजवळ दुप्पट किंमत सांगत होते. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. बाबांच्या हातात ती नाणी तीस वर्षं आहेत.

आता हे सगळं एवढ्या लांबीने का सांगतोय, तर बाबांचं अकाउंट पासवर्ड सोपा होता म्हणून गेलं हे अर्धंच कारण आहे. भामट्यांना संग्राहक आवडतात, कारण त्यांना नेमकं काय हवंय हे ते स्वतःच जगाला सांगत असतात. रिकामी जागा कुठे आहे ते चोराला आधीच माहीत असतं. 'ट्रॅक्टरवाली पाच रुपयाची नोट द्या, लाखो मिळवा', 'वैष्णोदेवीचं नाणं आहे का, दहा लाख' असल्या जाहिराती तुम्हीही बघितल्या असतील. त्या २०१२ च्या वैष्णोदेवीच्या नाण्याला किंवा ट्रॅक्टरच्या नोटेला बाजारात काय किंमत आहे हे बाबांना नक्की माहीत असणार, पण त्यांच्या ग्रुपात नवीन आलेल्याला नसतं. मग रजिस्ट्रेशन फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे पैसे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलं होतं की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नसतो आणि त्यासाठी कसलं शुल्क किंवा कमिशन मागत नाही. तरी चालूच आहे.

जाणकाराला मात्र लाखाचं आमिष लागत नाही, त्याला घाई लावली की पुरतं. हे मी स्वतःवरून सांगतो. मी कित्येक वर्षं १९३९ चा रुपया शोधत होतो, सहाव्या जॉर्जचा, चांदीचा, मिळायला फार कठीण आणि त्यामुळे खोटे सुद्धा पुष्कळ. एका लिलावात बोली लावून ठेवली होती. रात्री साडेअकराला मेल आली, 'तुमच्या बोलीच्या वर बोली आली आहे, १४ मिनिटं शिल्लक'. लिंकवर टिचकी मारली, लॉगिनचं पान आलं, तोच लोगो, तेच रंग. माझा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड साठवून ठेवणारं अ‍ॅप, एरवी आपण होऊन पासवर्ड भरतो, तो गप्प. मी त्याला शिव्या घातल्या, आत जाऊन पासवर्ड कॉपी केला आणि हाताने चिकटवला. पान म्हणालं चुकीचा आहे. पुन्हा चिकटवला!! मग कुठे वर पत्त्याकडे नजर गेली, नावात एक आडवी रेघ जास्त होती. आणि खरा लिलाव दोन दिवसांपूर्वीच संपला होता, हे मला माहीत असायला हवं होतं कारण मी तो हरलो होतो. दिवसभर बँकेत लोकांना जे शिकवायचो ते त्या चौदा मिनिटांत माझ्या डोक्यातून साफ गेलं. लगेच खऱ्या साईटवर जाऊन पासवर्ड बदलला, प्रत्येक साईटचा वेगळा असल्याने बाकी कुठे धक्का लागला नाही, पण बायकोला मात्र सहा महिने सांगितलं नव्हतं.

म्हणून बाबांना 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणू नका, तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, फक्त नाण्यांच्या बाबतीत. त्यांना कुणी १९३९ चा रुपया आणून दिला तर ते काय करतील? वजन करतील, ११.६६ ग्रॅम म्हणजे बरोबर एक तोळा भरतो का. कड बघतील, शेवटचा आकडा खरवडून केलेला तर नाही ना हे भिंगातून बघतील, आणि देणारा 'लवकर घ्या, दुसरं गिऱ्हाईक आहे' म्हणाला की त्यांचा संशय वाढेल. हीच सवय लिंकला लावायची, बास. पान कितीही हुबेहूब दिसू दे, ते चित्र झालं, चित्र कुणीही काढतो, कड म्हणजे वरचा पत्ता. मेलमधल्या किंवा मेसेजमधल्या लिंकवरून लॉगिन करायचंच नाही, साईट स्वतः उघडायची. मी माझ्या सासऱ्यांना असंच सांगितलं होतं, 'कड बघा', आणि ते आता मलाच फोन करून सांगतात की एका मेसेजची कड बरोबर नव्हती.

आता कामाचं. यातलं पुष्कळसं तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे, बाबांचा फोन अँड्रॉइड आहे का, फोन एकटेच वापरतात का नातवंडं पण, तुम्ही त्याच गावात आहात का लांब, डोळ्यांना बारीक दिसतं का. मी धरून चाललोय की अँड्रॉइड, जीमेल, आणि तुम्ही महिन्या-दोन महिन्यातून घरी जाता.

सगळ्यात आधी ईमेल. लोक सोशल मीडियाचा पासवर्ड बदलतात आणि निवांत होतात, पण बाकी सगळ्या अकाउंटची 'पासवर्ड विसरलो'ची चिठ्ठी मेलवरच येते, म्हणजे मेल ही घराची किल्ली नाही, किल्ल्यांचा जुडगा आहे. गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन कुठकुठल्या फोन-कॉम्प्युटरवर लॉगिन आहे ते बघा, अनोळखी दिसेल ते काढून टाका. रिकव्हरीसाठी कुठला फोन नंबर आहे ते बघा. माझ्या अनुभवात दहातल्या तीन-चार ज्येष्ठांचा तिथे जुना, बंद झालेला नंबर असतो, आणि बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. आणि एक गोष्ट जी हमखास राहते, कॉम्प्युटरवरून जीमेल उघडून सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' बघा, मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये हे दिसत नाही. आत घुसलेला माणूस तिथे गुपचूप नियम लावून जातो की अमुक शब्द असलेली मेल मला पाठव आणि इथून पुसून टाक. मग तुम्ही पासवर्ड दहा वेळा बदला, त्याला घरबसल्या टपाल येत राहतं. बँकेत असताना एका व्यापारी खातेदाराचं असं झालं होतं, चार महिने कळलं नाही.

मग पासवर्ड. मेलचा एकदम वेगळा, लांब. चार-पाच असंबद्ध शब्द घ्या, मराठीच, रोमन अक्षरांत टाईप केलेले, खलबत्ता, पायरी, मोरचूद, अठ्ठावीस असले. अभंगाची ओळ नको, आरतीची नको, आणि 'शिवराई१६७४' तर अजिबातच नको, त्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचा तोच असेल. एकच पासवर्ड सगळीकडे असण्यात धोका असा की कुठल्यातरी फुटकळ साईटवरून यादी फुटते आणि मग तीच ईमेल-पासवर्डची जोडी यंत्राने शेकडो ठिकाणी लावून बघितली जाते. बाबांना कुणी खास निवडलं असेलच असं नाही, बहुतेक नसेलच. 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची साईट आहे, ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये काढलेली, तिथे ईमेल टाकला की तो कुठल्या फुटलेल्या यादीत आहे ते दिसतं. बाबांच्या समोर बसून टाका. माझ्या दहा भाषणांनी जे होत नाही ते त्या एका लाल पानाने होतं.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला वगैरे मात्र त्यांच्या मागे लावू नका. आमच्याकडे तो नियम होता आणि लोक गणपती१, गणपती२, गणपती३ करत विसर्जनापर्यंत जायचे. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच हा सक्तीच्या बदलाचा सल्ला मागे घेतला. फुटल्याची शंका आली तर बदलायचा, एरवी लांब आणि वेगळा असला की झालं.

पासवर्ड मॅनेजर वापरता आला तर उत्तमच, कारण तो खोट्या पानावर गप्प बसतो, वर सांगितलं तसं, फक्त तो गप्प बसला तर माझ्यासारखं त्याच्यावर चिडायचं नाही. पण ६७ वर्षांच्या माणसाला जमत नसेल तर, आणि इथे माझ्या धंद्यातली काही मंडळी माझ्यावर ओरडतील, सरळ वही करा. कागदाची वही. रशियात बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. तोच पासवर्ड मोबाईलच्या गॅलरीत फोटो काढून ठेवला तर वाचू शकतो, आणि लोक नेमकं तेच करतात, वर आधार आणि पॅनचा फोटो शेजारीच. वहीत बँकेचे आणि यूपीआयचे पिन लिहायचे नाहीत, आणि प्रत्येक पासवर्डचा शेवटचा एक शब्द लिहायचा नाही, तो फक्त त्यांच्या आणि तुमच्या डोक्यात. घरात भाडेकरूंची, कामवाल्यांची, पाहुण्यांची ये-जा बरीच असेल तर हा सल्ला बदलतो, ते तुम्ही ठरवा.

आणि या वहीबद्दल एक युक्ती, हीच मला सगळ्यात जास्त सांगायची होती. बाबा नाण्यांचं रजिस्टर ठेवत असणार. अनुक्रमांक, नाणं, वजन, कुठून घेतलं, कधी, किती रुपयांना. न ठेवणारा संग्राहक मी अजून बघितला नाही. त्यांना म्हणा, तशीच अकाउंटची यादी करू. साईटचं नाव, कधी उघडलं, कुठल्या ईमेलवर, पैसे जोडलेत का, अजून लागतं का. माणूस गेल्या दहा वर्षांत नकळत शंभर-सव्वाशे अकाउंट जमवून बसलेला असतो, हाही संग्रहच, फक्त न बघितलेला. एकदा यादी करायला बसले की बाबा तुम्हाला उठू देणार नाहीत. त्यातली निम्मी बंद करण्यासारखी निघतील, आणि दुबार नाणी जशी काढून टाकतात तशी ती काढून टाका. माझ्या एका मित्राच्या वडिलांनी तर प्रत्येक पासवर्डला 'उत्तम, मध्यम, झिजलेला' अशी प्रत पण दिली होती, नाण्यांना देतात तशी.

दुसरी पायरी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खात्री. एसएमएसवरचा ओटीपी नसण्यापेक्षा कधीही बरा, पण तो फोनवर गोड बोलून काढून घेता येतो आणि सिम दुसऱ्याने बदलून घेतलं तर त्याच्याकडेच जातो. फोनचं नेटवर्क अचानक तास-दोन तास गेलं आणि शेजारच्याचं चालू असेल तर थांबू नका, कंपनीला आणि बँकेला फोन करा. ऑथेंटिकेटर अ‍ॅप, जे दर ३० सेकंदांनी नवा आकडा दाखवतं, ते त्याहून चांगलं. आणि मेलपुरती तरी पासकी करून घ्या, म्हणजे लॉगिनला फोनवर बोट ठेवायचं, पासवर्डच नाही. तिचं मर्म असं की ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, खोट्या पानाला ती देता येतच नाही, अगदी रात्री साडेअकराला १९३९ चा रुपया समोर नाचत असला तरी. गुगल दहा बॅकअप कोड देतं, ते वहीत लिहून घ्या. फोन हरवला की हेच कामाला येतात, आणि तेव्हाच लोकांना आठवतं की ते फोनमध्ये ठेवले होते.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावा, आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठे चालू आहे ते बघा. मित्राच्याच नंबरवरून 'चुकून तुला एक कोड आलाय तो पाठव' असा मेसेज आला तर तो मित्र नाही, त्याचं अकाउंट आधीच गेलेलं आहे. ग्रुपांमध्ये हे साथीसारखं पसरतं.

खरेदी-विक्रीचं थोडक्यात. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅन करायचा तो पैसे द्यायला, घ्यायला नाही. 'मी लष्करात आहे, माझा माणूस पैसे पाठवेल, हा कोड स्कॅन करा' म्हणणाऱ्याचा फोन तिथेच बंद करायचा. विकत घेताना नाण्याशेजारी आजची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून नवीन फोटो मागवायचा, जुना उचललेला फोटो असेल तर तिथेच कळतं. ओळखीच्या माणसाने अ‍ॅडव्हान्स मागितला तर मेसेजवर नाही, फोन करून त्याचा आवाज ऐकायचा. बाबांच्या नावाने ज्या दोघांनी पैसे पाठवले त्यांनी एक फोन केला असता तर वाचले असते. बाबांच्या ग्रुपला हा नियमच करायला सांगा, त्यांचं आता नाव झालंय, जरा वेगळ्या कारणाने, पण लोक ऐकतील.

फोटो टाकताना नुसतं नाणं, मागे साधा कागद. कपाट नको, घराची खिडकी नको, कुरियरचं पत्त्याचं पाकीट तर नकोच, आणि 'आठ दिवस कोकणात, आल्यावर बोलू' हे आल्यावर सांगायचं. एक कायद्याची गोष्ट, ही बऱ्याच जुन्या संग्राहकांनाही नीट माहीत नसते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं हे पुरावस्तूत येतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशातून कुणी 'डबल पैसे देतो, पोस्टाने पाठवा' म्हणालं तर तो ठग असला तरी पंचाईत आणि खरा असला तरी पंचाईत. आणि शेतात हंडा सापडला म्हणून कुणी फोटो पाठवला तर तो १८७८ च्या निखात निधीच्या, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाच्या, कायद्याचा विषय आहे, मोह कितीही झाला तरी हात लावू नका, आणि बहुतेक वेळा हंडाही खोटाच असतो.

आता झालेल्या प्रकाराचं. महिना झालाय, तरी तक्रार करा. ज्या दोघांचे पैसे गेले त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईन नंबरवर फोन करायला हवा होता, पहिल्या काही तासांत पैसे पुढे सरकायच्या आधी अडवता येतात, आता आशा कमी आहे पण नोंद हवी. बाबांनी स्वतःही सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवावी, अकाउंट माझं होतं आणि ते चोरलं गेलं म्हणून, उद्या कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं तर कागद हवा. चोराच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, पैसे ज्या यूपीआयवर गेले तो आयडी, प्रोफाईलची पूर्ण लिंक, नुसतं नाव नाही कारण नाव ते बदलतात. बाबांच्या बँक खात्यातूनही काही गेलं असेल तर तो वेगळा मुद्दा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमांप्रमाणे चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही अशा व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्या माथी येत नाही, पण ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं तुमचंच. म्हणून आधी कळवायचं, मग घरात वाद घालायचा.

आणि त्या दोघांना बाबांनी स्वतः फोन करायला हवा. मला वाटतं अबोल्याचं खरं कारण तुमचं 'बंद करा' हे नाहीच, तर ही लाज आहे. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोक नाणी घेत होते त्याच्या नावावर कुणीतरी चोरी केली. पैसे परत द्यायचे का, किती द्यायचे, हा त्यांचा आणि त्या दोघांचा विषय, त्यात मी पडणार नाही. पण फोन केला की निम्मं ओझं उतरतं, हे मी दोन-तीन जणांचं बघितलंय.

'बंद करा' हे मात्र तुम्ही मागे घ्या. बंद केलं तर ते चोरून करतील, आणि चोरून करणारा माणूस फसला की कुणाला सांगत नाही, मी नाही का सहा महिने गप्प बसलो. त्याऐवजी एकच करार करा, पाच हजारांच्या वर कुठलाही व्यवहार रात्रीतून करायचा नाही, सकाळी चहानंतर करायचा. आकडा तुम्ही ठरवा. लिलाव रात्रीच संपत असेल तर जास्तीत जास्त बोली संध्याकाळीच ठरवून, लिहून ठेवायची. मी हे गेली सहा वर्षं पाळतोय, एक-दोन चांगली नाणी हुकली, चुटपुट लागली, गेली.

एक शेवटचं जे कुणी करत नाही. गुगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' म्हणून सोय आहे, अकाउंट ठराविक महिने वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं, कुणाला काय द्यायचं ते आधी सांगून ठेवता येतं. बाबांच्या नाण्यांचे सगळे फोटो, कुठलं नाणं कुठून आलं ती माहिती, हे सगळं त्यांच्या गुगलमध्येच असणार, आणि दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट गुगल काढून टाकू शकतं. विषय काढायला अवघड आहे मान्य, पण संग्राहकाला तो तेवढा अवघड नसतो, आपल्यानंतर हे कुणाकडे जाणार याचा विचार तो तुमच्या आधीपासून करतोय. कदाचित रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलेलंही असेल, बघा.

तर क्रम असा ठेवा, पहिल्या रविवारी मेल आणि यादी, दुसऱ्या वेळी व्हॉट्सअ‍ॅप आणि पासकी, बाकीचं हळूहळू. एका दिवसात सगळं करायला गेलात तर दोघंही चिडाल. आणि बसताना त्यांचं भिंग जवळ ठेवा, ते बॅकअप कोड फार बारीक अक्षरात येतात.